अडीच तासांच्या आत

उत्तर शर्यतीनंतर देईन, असं मैत्रेयीने राजदीपला सांगितलं होतं. तोवर त्या विषयावर एक शब्द काढायचा नाही, हेही तिनेच ठरवलं. राजदीप "बरं" म्हणाला. त्याचा स्वभावच तसा. लाइनमनची नोकरी, दिवसभर खांबांवर चढणं-उतरणं, आणि कोणी काही म्हटलं की शांतपणे "बरं". पण या वेळी बरं म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं, आणि ते तिला महिनाभर टोचत राहिलं.

खरं म्हणजे उत्तर तिच्याजवळ तयार होतं. नोव्हेंबरातच तयार होतं. तरी तिने शर्यतीचं निमित्त पुढे केलं. आठ महिने दोघांनी मिळून तयारी केली होती, आणि एवढी एक गोष्ट तरी तिला त्याच्यासोबत पुरी करायची होती. यात आपला स्वार्थ आहे, त्याला आपण उगाच टांगून ठेवलंय, हे तिला कळत होतं. कळूनही तिने ते केलं.

पांढरकवड्यातल्या धावणाऱ्यांचं एक लहानसं मंडळ दर जानेवारीच्या पहिल्या रविवारी ही दौड भरवायचं. केळापूरच्या बाहेरून निघायचं, कापूस-तुरीच्या वावरांमधून पांदणीने सात किलोमीटर, मग सागाच्या जंगलाच्या कडेने टेकडी चढून कोलाम आदिवासींच्या पोडापर्यंत, म्हणजे वाडीपर्यंत, आणि पलीकडून उतरून, नाला ओलांडून परत. एकूण एकवीस. डांबर कुठेच नाही. मुरूम, गोटे आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या. गेल्या वर्षी मैत्रेयीला दोन तास एक्केचाळीस मिनिटं लागली होती. या वर्षी अडीच तासांच्या आत यायचं, असं तिने मनाशी घेतलं होतं, आणि राजदीप तिच्यासोबत धावून तिची चाल सांभाळणार होता. स्वतः तो हेच अंतर दोन तासांत सहज मारायचा. पोलीस भरतीसाठी चार वर्षं घासली होती त्याने. उंचीत अर्ध्या सेंटीमीटरने गेला, पण धावणं अंगात राहून गेलं.

सकाळी साडेसहाला सगळे रांगेला लागले तेव्हा तोंडातून वाफा निघत होत्या. दीडदोनशे माणसं असतील. निवृत्त पीटी मास्तर बाबाराव सर भोंग्यावरून पुन्हा पुन्हा सांगत होते की उतारावर उड्या मारू नका, गुडघे तुमचेच आहेत. एका बाजूला मैत्रेयीचे आईबाबा उभे होते. बाबा, पंजाबराव, एसटीत कंडक्टर होते; निवृत्त होऊनही गर्दी दिसली की ते लोकांना मागेपुढे सरकवत. आई सत्यभामा शालीत हात गुंडाळून गप्प उभी होती. जवळच राजदीपची आई होती, केळापूरचीच. दोघी विहिणी व्हायच्या होत्या. डिसेंबरात ठरलेलं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, 'पोराला सुट्टी नाही' या कारणाने पुढे ढकललं, एवढंच राजदीपच्या आईला आणि मैत्रेयीच्या बाबांना माहीत होतं. तिने मैत्रेयीच्या गालावरून हात फिरवला आणि सांभाळून पळजो, माय, म्हणाली. मैत्रेयीने मान खाली घालून बुटाची नाडी पुन्हा बांधली.

राजदीपने हिशेब पक्का केला होता. पहिले सात किलोमीटर सत्तेचाळीस मिनिटांत, मधले चढाचे सात छप्पन्नात, शेवटचे सात शेचाळीसात. म्हणजे दोन तास एकोणतीस. मैत्रेयीची खोड अशी, की सुरुवातीला ती गर्दीसोबत वाहवत जायची आणि टेकडीवर तिचा दम सरायचा. म्हणून तो तिच्या पुढे दोन पावलं, जरा उजवीकडे, असा धावे. तिने त्याच्या पाठीकडे बघायचं, आणि ती पाठ लांब गेली नाही की आपलं बरोबर चाललंय असं समजायचं.

त्या दिवशीही तो तसाच धावला. पुढचे लोक धूळ उडवत निघून गेले आणि दोघं आपल्या चालीने पांदणीत शिरले. दोन्ही बाजूंना वेचणी होत आलेला कापूस, मधे तुरीच्या शेंगांनी वाकलेल्या ओळी. सूर्य अजून झाडांच्या मागेच होता. राजदीप मधूनच हात मागे करून तळवा खाली दाबायचा, म्हणजे हळू. एरवी ती यावर काहीतरी टोमणा मारी. आज तिने मुकाट चाल कमी केली. तिला वाटलं, हे असंच चालू राहावं, आणि लगेच पुढचा दगड आला आणि तिला खाली बघावं लागलं.

ती सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होती. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी हे तिचं रोजचं काम. थेंबभर रक्त औषधाच्या नळीत टाकायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि नळीच्या मागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसतात का ते बघायचं. दिसल्या तर सुटला. नाही दिसल्या तर रक्त पुढच्या तपासणीला यवतमाळला पाठवायचं. वर्षाला हजारभर लोकांना ती समजावून सांगायची की वाहक असणं म्हणजे आजार नव्हे, वाहक माणूस चांगला ठणठणीत जगतो. फक्त दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न करू नये. केलं, तर प्रत्येक बाळाला आजार व्हायची शक्यता चारात एक.

हे ती पुस्तकातून शिकली नव्हती. तिचे आईबाबा दोघंही वाहक होते. त्यांना ते कळलं तेव्हा अतुल तीन वर्षांचा झाला होता. मैत्रेयी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, ती नुसती वाहक निघाली. अतुलच्या वाट्याला पुरा आजार आला. हिवाळा आला की त्याचे सांधे धरायचे, डोळे पिवळे व्हायचे, आणि मग तो असा ओरडायचा की शेजारचे लोक दार लावून घेत. त्याचे पाय चोळत बसणं हे मैत्रेयीचं काम होतं. सतराव्या वर्षी, अकरावीची परीक्षा चालू असताना, तो गेला. मैत्रेयीने कॉलेजातला विषय बदलून लॅबचा कोर्स घेतला तो त्यानंतर.

आणि अशा मुलीने राजदीपला पहिल्याच वर्षी विचारलं नसेल का? विचारलं होतं. शाळेच्या मैदानावर ओळख झाली, त्याने तिला दम कसा राखायचा ते शिकवलं, पुढे रोज पहाटे बरोबर धावणं सुरू झालं, आणि दोघांच्या मनात आलेलं दोघांनाही कळलं, तेव्हा तिने सगळ्यात आधी हेच विचारलं. आयटीआयमध्ये तपासणी झाली, कार्ड आहे, काही निघालं नाही, असं तो म्हणाला. खोटं नव्हता बोलत. त्याला तसंच वाटत होतं. ऑक्टोबरात, दोन्ही घरची बोलणी झाल्यावर, ती सहज म्हणाली की ते कार्ड दाखव एकदा. कार्ड रक्तगटाचं होतं.

दुसऱ्या दिवशी तो हसत हसत लॅबमध्ये येऊन बसला आणि बोट पुढे केलं. तिनेच टोचलं. पाच मिनिटं तो तिच्याशी नव्या बुटांबद्दल बोलत होता. मग तिने नळी कागदासमोर धरली, आणि रेघा दिसेनात. तिने नळी उजेडाकडे नेली, दुसरा कागद घेतला, पुन्हा पाच मिनिटं थांबली. तोही वाहक असल्याचा पक्का रिपोर्ट यवतमाळहून यायला तीन आठवडे लागले, पण तिला त्याच दिवशी समजलं होतं.

सात किलोमीटरला शेचाळीस मिनिटं तीस सेकंद झाली होती. राजदीपने वळून बोटांनी दाखवलं की अर्धं मिनिट हाताशी आहे. पांदण संपली, आणि टेकडीची वाट लागली.

सागाची पानं सुकून पडली होती, पाय टाकला की मोठ्याने वाजत. चढ सुरुवातीला सोसवेल असा होता, पण बाराव्या किलोमीटरनंतर वाट एकदम उभी होते. तिथे धावायचं नाही, हात मांडीवर टेकून भरभर चालायचं, असं त्यांचं ठरलं होतं. आता मागेपुढे कोणी नव्हतं. राजदीप पुढे चालायचा, तो थांबून तिच्या बाजूला आला.

"तुहं उत्तर मले मालूम हाय," तो म्हणाला.

ती म्हणाली, आता नको. शर्यतीनंतर म्हटलं होतं ना.

"नंतर तू सांगशीन, अन् मी आयकीन. त्याच्यात काय होणार हाय? एकच गोष्ट इचारतो. लेकरं नसली तरी चालते मले, असं मी किती खेपा सांगतलं. तुले खरं नाई वाटत काय?"

 वाटेत आडवी आलेली एक फांदी मैत्रेयीने बाजूला धरली, तो पुढे गेला, मग तिने सोडली.

"वाटते," ती म्हणाली. "आज तू खरंच बोलून राह्यला. पण तुह्या बहिणीचं लेकरू खांद्यावरून उतरत नाई तुह्या. दहा वर्षांनं तू काही बोलणार नाई, नुसता गप बसशीन. अन् ते माह्यामुळं असंन."

त्याने नागपूरचं काढलं. तिथे तिसऱ्या महिन्यात पोटातल्या बाळाची तपासणी होते, हे त्याने कुठूनतरी वाचून काढलं होतं आणि तिला दोनदा सांगितलं होतं. तिला ते आधीपासून माहीत होतं. ती स्वतःच लोकांना तिकडे पाठवायची. तपासून आजार निघाला तर पुढे काय करायचं, हे ती दुसऱ्या बायकांना शांतपणे सांगू शकत होती. स्वतःला सांगता येत नव्हतं. तिने अतुलचे पाय हातात धरले होते. त्याच्यासारखंच कोणीतरी आपल्या पोटात आहे असं कळल्यावर आपण काय करू, हो म्हणू की नाही म्हणू, दोन्हींतलं एकही तिला झेपणारं नव्हतं. हे तिने राजदीपला नोव्हेंबरात सांगायचा प्रयत्न केला होता आणि मधेच तिला रडू फुटलं होतं. आता चढावर तेवढा श्वासही नव्हता.

"नाई जमणार मले, राजदीप," एवढंच ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. आणि घड्याळ बघून, जरा वेळाने, म्हणाला की वीस सेकंद मागे पडलोय, इथून पळायला हरकत नाही.

चौदाव्या किलोमीटरला पोड होतं. पंचवीसेक घरं, स्वच्छ सारवलेली अंगणं, आणि एका अंगणात बाकावर पाण्याचे हंडे आणि गूळ-शेंगदाणे मांडून बायका बसल्या होत्या. एक तास त्रेचाळीस मिनिटं वीस सेकंद. ठरल्यापेक्षा फक्त वीस सेकंद जास्त. मैत्रेयीने अर्धा गिलास घेतला. राजदीप पाणी न पिताच पुढे निघाला, तशी तिने त्याला हाक मारून परत बोलावलं आणि दोन गिलास समोर धरले. वाहकाने धावताना पाणी कमी पडू द्यायचं नसतं, असं ती म्हणाली, दवाखान्यात कोणालाही सांगावं त्याच आवाजात. बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं. तो मुकाट्याने दोन्ही गिलास प्यायला. त्याचा कंठ वरखाली होताना ती बघत राहिली. गिलास देणाऱ्या म्हातारीने कोलामीत काहीतरी विचारलं आणि बाकीच्या बायका हसल्या. नवराबायको का, असंच काही असावं. दोघांनी गिलास बाकावर ठेवले आणि निघाले.

उतार त्यांनी चांगला मारला. तिचे पाय आज हलके होते. अशा दिवशी पाय हलके असावेत याचाच तिला राग येत होता. साडेसहा मिनिटांना एक, या चालीने किलोमीटर मागे पडत होते. मागच्या वर्षी इथे तिच्या पोटात कळ आली होती, ती आली नाही. मिनिटं वाचत होती, म्हणजेच त्याच्यासोबतची मिनिटंही संपत होती. एकदा तिच्या मनात आलं की मुद्दाम सावकाश व्हावं. पण दोन पावलं पुढे त्याची पाठ तशीच होती, एकसारखी, आणि तिचे पाय आपोआप त्या पाठीमागे जात राहिले.

नाल्यात घोट्याएवढं पाणी होतं. ते ओलांडून पलीकडच्या काठावर चढले तिथे अठराची पाटी होती. तिथून डाव्या हाताला एक पायवाट राजदीपच्या घरच्या वावराकडे जात होती. तो थांबला. धावताना तो कधी थांबत नसे, म्हणून तिला आधी वाटलं त्याचा पाय मुरगळला.

"इथून तू जाय," तो म्हणाला.

"अन् तू?"

"दोघांच्या माया उभ्या हायेत तिथं. हात धरून फोटो काढाले लावतीन. बाबाराव सर भोंग्यावर नाव घेतीन दोघायचं. मले नाई जमणार ते." त्याने मनगट वर करून घड्याळ तिला दाखवलं. "दोन नऊ पंधरा. हीच चाल ठेव. शेवटी जो चढ हाय तिथं खाली पाहू नको, हात हालव."

ती म्हणाली की मीही थांबते. वेळ गेला खड्ड्यात.

"आठ महिने काय कायले घासले मंग?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज चिरला. "जाय ना, मैत्रेयी. उभी राहू नको अशी."

ती गेली. पन्नासेक पावलांवर तिने मागे वळून पाहिलं, तेव्हा तो अजून पाटीजवळच होता, कमरेवर हात, मान खाली. पुन्हा पाहिलं तेव्हा तुरीच्या आड झाला होता.

शेवटचे तीन किलोमीटर तिने कसे काढले ते तिला नंतर नीट सांगता आलं नाही. पुढे कोणाची पाठ नव्हती. ती पावलं मोजत होती, शंभर झाली की पुन्हा एकपासून. नाक वाहत होतं, डोळे वाहत होते, आणि बाहीने सगळं एकत्रच पुसत ती धावत होती. एका वळणावर ती एका दमलेल्या माणसाच्या पुढे गेली, तर त्याने तिचं तोंड बघून विचारलं की ताई, लागलं का कुठं. शेवटच्या चढावर तिने हात हलवले, खाली पाहिलं नाही.

दोन तास अठ्ठावीस मिनिटं सत्तेचाळीस सेकंद. भोंग्यावर बाबाराव सर तिचं नाव मोठ्याने ओरडले. पंजाबरावांनी दोरी ओलांडून येऊन तिला धरलं आणि आजूबाजूच्यांना सांगायला लागले की माही पोरगी, तेरा मिनिटं कमी केले, तेरा. कोणीतरी गळ्यात पदक घातलं. राजदीपची आई पुढे झाली आणि वाटेकडे बघत तिने विचारलं, राजदीप कुठं राह्यला.

"येऊन राह्यला मागून," मैत्रेयी म्हणाली.

तिला दुसरं काही सुचलं नाही. ती बाई मग वाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, हातात केळी घेऊन. मैत्रेयीने बाबांना सांगितलं की मळमळतंय, घरी जाऊ. ते निघाले तेव्हाही ती तिथेच उभी होती, आणि बाबाराव सर भोंग्यावरून त्रेसष्ट नंबरचा राजदीप कोणाला दिसला का, म्हणून विचारत होते.

घरी आंघोळ करून मैत्रेयी मागच्या खोलीत आडवी झाली. बाबा पदक घेऊन शेजाऱ्यांकडे गेले होते. दुपारी आई कोमट तेलाची वाटी घेऊन आत आली आणि काही न विचारता तिच्या पोटऱ्या चोळायला बसली. सत्यभामाबाई मुळातच कमी बोलायच्या. रिपोर्ट मैत्रेयीने त्यांनाच दाखवला होता, बाबांना नाही. तुझं तू ठरव, एवढंच म्हणाल्या होत्या.

"नाई म्हटलं तू त्याले," त्या आता म्हणाल्या. विचारलं नव्हतं, नुसतं म्हटलं.

मैत्रेयीने हो म्हटलं.

बराच वेळ त्यांचे हात चालत राहिले. मग त्या म्हणाल्या, "एक इचारू? रागावू नको. अतुल झालाच नसता तर बरं झालं असतं, असं वाटते काय तुले?"

मैत्रेयी उठून बसली. आईने हा प्रश्न रिपोर्ट आल्यापासून मनात धरला असणार, हे तिला तेव्हा उमगलं. आपण राजदीपला नाही म्हणतो आहोत असंच ती आजवर समजत होती. आई त्यात दुसरंच काही ऐकत होती.

"नाई, आई," ती म्हणाली. "रोज आठवते तो मले. पण तसं मी पुन्हा पाहू शकत नाई. माह्या हातानं नाई आणू शकत."

"तुले त्याचं दुखणंच दिसते," आई म्हणाली. "तू पाय चोळत होती म्हणून असंन. सतरा वर्षं होता तो. सतरा वर्षं काय रोजच दुखत नव्हतं. बाबा ड्युटीहून आले की त्यायची शिट्टी घेऊन घरभर तिकिटं फाडत फिरे. मले रोज यवतमाळचं तिकीट देई, अन् सुटे नाईत म्हणे. हसून हसून माह्या पोटात दुखे." त्यांनी तेलाचे हात पदराला पुसले. "मले कोणी आधी सांगतलं असतं ना, असा होईन, इतकेच दिवस राहीन, तरी मी त्याले आणलं असतं. तुले तसं कर म्हणत नाई मी. मले मालूम नव्हतं म्हणून झालं, तुले मालूम हाय. पण माह्या मनातलं सांगतलं तुले."

त्या वाटी घेऊन उठल्या. दार ओढून घेत स्वयंपाकघरात गेल्या.

मैत्रेयी तशीच बसून राहिली. शिट्टीचं ती साफ विसरली होती. दहा वर्षांत एकदाही तिला ती शिट्टी आठवली नव्हती. आता आठवली ती एकटीच आली नाही. तिच्यासोबत अतुलचं ते खोटं खोटं खाकी, बाबांचा ढगळ शर्ट, गुडघ्यापर्यंत आलेला, आणि त्याने एकदा तिलाच विनातिकीट म्हणून मधल्या दारात उतरवून दिलं होतं ते, सगळं आलं. ती उशीत तोंड खुपसून रडली. मग उठून तोंड धुतलं. चार वाजत आले होते. तिने फोन घेतला.

काय बोलायचं ते तिने नीट ठरवलं नव्हतं. एकदा नागपूरला जाऊ, तिथल्या डॉक्टरांशी बोलून घेऊ, दोघं मिळून, एवढंच म्हणायचं होतं. हो म्हणायचं नव्हतं. फक्त नाहीच्या अलीकडे एक पाऊल यायचं होतं.

राजदीपने पहिल्याच घंटीला उचलला. मागे वाऱ्याचा आवाज येत होता, वावरातच असावा. ती बोलायच्या आधी तोच बोलला.

"मी घरी सांगून टाकलं. तुले काही सांगायची गरज नाई आता."

"काय सांगतलं?"

"मलेच नाई करायचं म्हटलं. दुसरी हाय मनात, असं म्हटलं. मामाले फोन करून तेच सांगतलं. आई बोलत नाई माह्यासंगं. दोन-चार दिवस बोलणार नाई, मंग बोलन."

असं कर म्हणून तुला कोणी सांगितलं होतं, असं मैत्रेयीने विचारलं.

"कोणी नाई. तू नाई म्हटलं असतं तर काहून म्हणून इचारलं असतं सगळ्यायनं. मंग रक्ताचं निघालं असतं. पोरीत खोट हाय, तिचा भाऊ तसाच गेला, असं गावभर केलं असतं. लोकायले समजते काय वाहक अन् फाहक? आता जे म्हणायचं ते मले म्हणतीन. मी खांबावर राहतो दिवसभर, मले आयकू येत नाई." तो हसायला गेला, ते जमलं नाही.

बाहेर बाबांचा आवाज आला. ते कोणाला तरी पुन्हा तेरा मिनिटांचं सांगत होते.

"राजदीप," ती म्हणाली, "मी म्हणत होती..."

"काय?"

तो थांबला होता. वाऱ्याच्या आवाजात त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. त्याच्या आईचं काय झालं असेल, तिने ती केळी कुठे ठेवली असतील, असं काहीतरी तिच्या डोक्यात फिरत होतं. घरच्यांसमोर, मामासमोर, स्वतःवर बट्टा लावून आलेल्या या माणसाला आता नागपूरला चल म्हणायचं, आणि तिथून परत येऊन पुन्हा नाही म्हणायची पाळी आली तर? आपला विचार बदलला आहे की आईच्या बोलण्याने नुसतं मन हललं आहे, हे तिला त्या घडीला सांगता येईना. पुढेही कधी सांगता आलं नाही.

"काही नाई," ती म्हणाली.

"किती लागले तुले?"

"दोन अठ्ठावीस सत्तेचाळीस."

"झालं ना मंग," तो म्हणाला. आवाजात खरंच आनंद होता, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. मग बैलांना पाणी दाखवायचंय म्हणाला आणि फोन ठेवला.

होळीच्या सुमारास त्याने बदली मागून घेतली आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, फुलसावंगीला गेला. बाबाराव सरांकडून तिला ते कळलं. केळापुरात त्याला बरंच बोललं गेलं. पंजाबरावांनी तर त्याचं नाव घरात काढायचं नाही असं बजावलं. चांगल्या घरच्या पोरीला फसवलं, म्हणून ते रस्त्यात त्याच्या मामाशी भांडले. मैत्रेयीने त्यांना खरं सांगितलं ते एप्रिलात, एका संध्याकाळी, जेवताना. पंजाबरावांनी ताट बाजूला सारलं. मग उठून त्यांनी चपला घातल्या.

त्याच्या आईकडे जाऊन येतो, असं ते म्हणाले. सत्यभामाबाई त्यांच्यासोबत निघाल्या. मैत्रेयीलाही जायचं होतं, पण ती दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.